चौदानंतर

मी टेलिफोन बोलतोय. आजवर दुसऱ्यांचेच निरोप पोचवले. आजचा निरोप माझा आहे. माझी तार कापलेली आहे, तरी ऐका.

१९५८ साली भिलाईचा कारखाना उभा राहत होता. एका ठेकेदाराच्या पत्र्याच्या इस्पितळात मला बसवलं, तेही थेट ऑपरेशनच्या खोलीत! प्रत्येक खात्यात फोन आहे, मग इथे का नको, असं साहेबांचं म्हणणं. नारळ फोडला. मीही फुगलो.

दिवसभर वाजायचो. स्टोअरवाले, कँटीनवाले, कुणीही. डॉक्टरांचे आणि सिंधुताई सिस्टरचे हात कामात, म्हणून कंपाउंडर मला त्यांच्या कानाशी धरायचा. यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. मलाही नाही.

एका सकाळी तेजरामला आणलं. भंडाऱ्याकडचा शेतकरी, इथे उंचावर लोखंडी तुळया चढवणारा खलाशी झालेला. परांचीवरून पडून पोटात रक्त साचलं होतं. त्याची बायको मथुरा दाराबाहेर बसून होती.

रक्त थांबलं. पोट शिवण्याआधी सिंधुताई वापरलेल्या गॉजच्या घड्या मोजू लागल्या. वीस दिलेल्या, वीस परत यायला हव्यात.

"तेरा, चौदा..."

आणि मी वाजलो. फोरमन ओमप्रकाश होता.

"सिस्टर, तेजरामचं काय लिहू? हजेरी पाठवाची हाय, दहा वाजून राहिले."

"अहो, त्याचं पोट उघडं आहे!"

"मंग हाफ डे लिहू का?"

सिस्टर चिडल्या. तशाच पुढे मोजू लागल्या. "सोळा, सतरा..." वीस भरल्या. डॉक्टरांनी दोन टाके घातले.

"थांबा! चौदानंतर मी सोळा म्हटलं."

"सिस्टर, उगाच शंका काढू नका. उशीर होतोय."

"पुन्हा मोजल्याशिवाय शिवू देणार नाही मी."

मोजल्या. एकोणीस. विसावी तेजरामच्या यकृताखाली निघाली, रक्तात भिजून त्याच्याच मांसासारखी झालेली.

त्याच दुपारी सिस्टरनी माझी तार कापायला लावली. मला बाहेर नेताना मथुरा म्हणाली, "याले कावून काढून राहिले बाई? हा वाजला का मले वाटे, माह्या मानसाची कोनी विचारपूस करून राहिलं."

सिंधुताई आत निघून गेल्या. ती विचारपूस हजेरीची होती, हे मथुराला मीच सांगायला हवं होतं.

तेव्हापासून मी शेजारच्या कोठीत आहे, चादरींच्या गठ्ठ्यांमागे. महिन्याने मथुराचा आवाज आला, "हळू चाला ना जी." तेजराम आपल्या पायांनी घरी निघाला होता. त्यानंतर मला ओळखणारं कुणी इकडे आलं नाही. दिवसभर ज्याच्याशी लोक बोलायचे, त्याला आता कुणी हातही लावत नाही. फार एकटं वाटतं.

कारखाना उभारायची घाई मला कळते. पण उघड्या पोटाशी कसली घाई? मला ऑफिसात बसवा, फाटकावर बसवा. त्या खोलीत मात्र पुन्हा नेऊ नका.

भिंतीपलीकडे सिंधुताई मोजताहेत. "तेरा, चौदा..."

मी जीव मुठीत धरतो.

"पंधरा."