मळताय ना?

"हात हलवायचा नाही, काका. हलवतोय असं फक्त मनात आणायचं," वर्षा म्हणाली, आणि छायाने पदर तोंडावर धरला. लग्न झाल्यापासून धर्माने दुसरं केलं काय होतं?

मुरबाडच्या एका दवाखान्यात धर्माच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली होती. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडला होता. जीभ देवाच्या दयेने शाबूत. फिजिओथेरपी करणाऱ्या वर्षाने समजावलं: हात हलतोय असं आतून जाणवलं की मेंदूतल्या लहरी बदलतात, टोपी त्या टिपते, पडद्यावरची हिरवी पट्टी चढते. पट्टी चढवत राहायचं, जोडीला व्यायाम करायचा, की हातही हळूहळू ऐकायला लागतो.

गावात बातमी आटून पोचली: धर्माला मुरबाडला टोपी घातली.

छायाला घाई होती. टोकावड्याच्या ढाब्यावर ती भाकऱ्या थापायची. मालक म्हणाला होता, "दसऱ्यापर्यंत थांबतो, बाय. मंग सकुबाईला घेईन." आणि नवरा आपल्या हाताने जेवेपर्यंत तिला घर सुटत नव्हतं. डावा हात होता की! पण धर्मा म्हणे, "डावा हात ताटाला? बापजन्मात नाय."

कल्पना करा: पाण्याचा तांब्या उचलताय.

पट्टी: आडवी.

"तांब्या दिसतोय, काका?"

"दिसतो ना."

"कोण उचलतंय?"

"ही."

कल्पना करा: जेवताय.

पट्टी: आडवी.

"घास घेतला?"

"ताट कुठं आलंय अजून?"

कल्पना करा: अंगण झाडताय.

पट्टी आडवी होतीच, आता तिला अपमानही वाटला असावा.

"बघत बसू नका, काका. स्वतः करा," वर्षा काकुळतीला आली.

"पोरी," छाया म्हणाली, "माझं माहेर किन्हवलीचं. धरण आमच्या भातसा नदीवर नि पाणी मुंबईला. नळ येतोय असं मनात आणतच मी वाढले, पन हंडा हातान उचलला. ह्यांचं मन लय चालतं गो. हाताची ओळख नाय."

"तू गप," धर्मा म्हणाला आणि चिडून डोळे मिटून बसला.

पट्टी सर्रकन वर गेली.

वर्षा खुर्चीतून उठली. "काका! आत्ता काय केलंत?"

धर्मा ओशाळला. "तंबाखू मळली."

डॉक्टरांनी तंबाखू जन्माची बंद केली होती. मनातल्या तंबाखूबद्दल मात्र ते काही बोलले नव्हते. वर्षाने क्षणभर विचार केला. एवढ्या शिक्षणानंतर हेच करायचं होतं तर हेच.

"चुना लावा, काका."

तेव्हापासून दाराबाहेर बसलेल्या रुग्णांना आतून ऐकू यायचं:

"मळताय ना?"

"मळतोय."

"अंगठा जोरात. आता झाडा."

पट्टी: वर, वर, वर.

आयुष्यभरात ज्या एका कामात अंगठ्याने कधी कुचराई केली नाही, ते काम अखेर फळाला आलं. नवरात्रात एका दुपारी ओटीवरून हाक आली, "छाया, हाललं गो!" उजवा अंगठा डाव्या तळव्यावर खरोखर फिरत होता. छायाचे डोळे भरून आले. ते निथळायच्या आत पुढचं वाक्य आलं.

"चुन्याची डबी दे."

ती आत गेली. बाहेर आली ती परात घेऊन. परातीत तांदळाच्या पिठाची कोमट उकड.

"मळा."

"ही?"

"शब्द तोच हाय ना? तंबाखू मळा, नायतर पीठ मळा."

"बायकांचं काम—"

"टोपी आणू परत?"

धर्माने मळलं. रोज मळलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घास तोंडापर्यंत पोचला, अर्धा मिशीत.

दसऱ्याला छाया ढाब्यावर. सकुबाईची ढाब्यावरची चूल हुकली. भर गर्दीत फोन वाजला. पिठाचे हात तसेच ठेवून तिने तो कानाखांद्यात धरला.

"उकड मळली गो. आता थापाची कशी?"

"डोळे मिटा. थापताय असं मनात आणा."

तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

"आणली. भाजली पन. मंग?"

"मंग मनातच खा."

तव्यावरची भाकरी टम्म फुगली. फडताळात भात-आमटी झाकून ठेवलीय, हे ती सांगणारच होती. एवढी एक भाकरी उतरली की.