नॉर्व्हलला टॅक्स हवा होता

"टॅक्स म्हणजे सरकारने सभ्य माणसाच्या खिशात घातलेला हात, आणि तो हात मनगटापासून पिरगाळणं हे सभ्य माणसाचं पहिलं कर्तव्य!"

हे वाक्य नॉर्व्हल टिबेट्स दर मार्चमध्ये, अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या आपल्या गावाच्या सभेत उभा राहून म्हणत असे. चाळीस वर्षं. लोक टाळ्या वाजवत, मग सगळे मिळून ब्लूबेरीचा केक खात आणि रस्त्यावरचा बर्फ काढण्यासाठीचा टॅक्स दरवर्षीप्रमाणे मंजूर होई.

यंदा एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी तोच नॉर्व्हल, वय शहात्तर, गावच्या लायब्ररीच्या तळघरात एका घडीच्या टेबलापाशी बसून विनवत होता, "अगं बेरिल, थोडासा तरी बसव ना माझ्यावर टॅक्स. जमेल तेवढा."

बेरिल क्रॉकर निवृत्त गणित-शिक्षिका. थंडी सरता सरता गावातल्या म्हाताऱ्यांचे टॅक्सचे फॉर्म ती फुकट भरून देई. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नाही बसत, नॉर्व्हल. शून्य."

"परत बघ."

"तीनदा पाहिलं. शून्याकडे कितीदाही पाहिलं तरी ते फुगत नाही. पस्तीस वर्षं पोरांना हेच शिकवलं. तू माझ्या वर्गात बसण्याऐवजी शाळेत माझ्याच शेजारच्या बाकावर बसलास, म्हणून तुला शिकवायचं राहिलं."

भानगड अशी होती. नॉर्व्हलच्या घरात पन्नास वर्षं लाकडाची शेगडी पेटत आली आणि पन्नास वर्षं तिचा धूर त्याच्या बायकोने, अ‍ॅव्हिसने, फुप्फुसात साठवला. सप्टेंबरात तिला बँगोर शहरातल्या नर्सिंग होममध्ये न्यावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्यायची असेल तर घरात धुराचं नाव नको, आणि ऑक्सिजनचं यंत्र सांभाळायला रोज एक जाणती बाई हवी.

नॉर्व्हलने शेगडी उपटली. शेगडीच नाही तर लाकडं काय करायची, म्हणून वडिलांच्या वेळचं जंगल विकलं. त्या पैशातून अंगणात तीनशे फूट खोल भोक पाडलं आणि जमिनीच्या पोटातली ऊब वर ओढणारा पंप तळघरात बसवला. सगळे पैसे त्यातच गेले. पण पंपवाल्याने सांगितलं होतं की, खर्चाचे तीस टक्के सरकार टॅक्समधून सोडतं. माणूस खोटं बोलला नव्हता. नॉर्व्हलने मात्र त्यातलं 'तीस टक्के' तेवढं घरी नेलं. त्या पैशांवर तो जाणती बाई ठेवणार होता. मिसेस फार्नमशी बोलणंही झालं होतं. एप्रिल संपेपर्यंत ती थांबणार होती. नर्सिंग होमही तेवढंच थांबणार होतं. मग ते अ‍ॅव्हिसला वरच्या मजल्यावर, कायमच्या रुग्णांत हलवणार. वरच्या मजल्यावर गेलेलं माणूस स्वतःच्या पायांनी खाली आलेलं अजून कुणी पाहिलं नव्हतं.

"सवलत टॅक्समधून वजा होते," बेरिल म्हणाली. "टॅक्सच नाही, तर वजा कशातून करू?"

"आणि जंगल विकलं, त्याच्यावर?"

"तुझ्या ऐपतीला त्याच्यावरही काही नाही. तिथेही सोडलंय तुला सरकारने."

जन्मात पहिल्यांदा सरकारने नॉर्व्हलला सोडलं होतं, आणि मुहूर्त हा निवडला होता.

तो पुढे वाकला. "मग लिही, मी कमावले म्हणून. गांडुळं विकली. गळाला लावायची. एक लाखाची."

"बावीस वर्षं हे टेबल मांडते मी. कमाई लपवायला सगळेच येतात. कमाई घुसडायला आलेला तू पहिला."

"बेरिल—"

"खाली सही तुझी असते. आणि एक लाख डॉलरची गांडुळं? अरे, अख्ख्या मेनमध्ये तेवढे मासे नाहीत!" मग तिचा आवाज खाली आला. "सवलत वाया जात नाही म्हणा. उरलेली पुढच्या वर्षात नेता येते. पुढच्या वर्षी टॅक्स बसला तर."

"तो बसायला काय करावं लागेल?"

"नोकरी."

"आणि नाही बसला तर? त्याच्या पुढच्या वर्षी?"

"तेव्हाही नोकरी."

दोघंही हसले नाहीत. बेरिलने फॉर्मची कड उगाचच बोटाने सरळ केली.

"मी गुरुवारी दुपारी येऊ शकते," ती म्हणाली. "अ‍ॅव्हिसपाशी बसायला."

"रोज हवी गं."

"माहितेय."

नॉर्व्हल घरी आला. घर उबदार होतं. बाहेर अंगणात बर्फ पडून होता आणि हा आत बनियनवर फिरत होता. पन्नास वर्षांत कधी न तापलेलं न्हाणीघरसुद्धा छान तापलं होतं. पंपात काही खोट असती तर कुणाच्या तरी नावाने ओरडता तरी आलं असतं. पण पंप आपलं काम चोख करत होता. शेगडीच्या जागी जमिनीवर एक काळा चौकोन राहिला होता. जेवताना नॉर्व्हल त्याच्याकडे पाठ करून बसला.

दुसऱ्या दिवशी बँगोरला जाताना त्याने गाडीत भाषण तयार केलं. गावसभेत चाळीस वर्षं काढलेला माणूस, भाषणाला काय तोटा! त्यात 'मार्ग निघेल' तीनदा होतं.

अ‍ॅव्हिस खिडकीशी बसली होती. नाकात नळ्या. तिने याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "बसला का टॅक्स?"

"नाही."

"हं." ती थोडा वेळ श्वास जमवत राहिली. "चाळीस वर्षं तू त्यांना शिव्या देत होतास आणि मी मागे मान खाली घालून केक कापत होते. मनावर घेतलेलं दिसतंय त्यांनी."

नॉर्व्हल तिच्यासमोरच्या खुर्चीत बसला.

"घर कसंय?"

"गरम."

"न्हाणीघरसुद्धा?"

"न्हाणीघरसुद्धा."

अ‍ॅव्हिसने डोळे मिटले आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले. ऑक्सिजनचं यंत्र सुस्कारे टाकत होतं. नॉर्व्हल उठून उभा राहिला, गावसभेत राहायचा तसा, आणि त्याने घसा खाकरला.

"अ‍ॅव्हिस, हे बघ. मार्ग—"

"नॉर्व्हल," डोळे न उघडताच ती म्हणाली, "पुढच्या खेपेला माझे लोकरीचे मोजे आण. राखाडी. तपकिरी नकोत, ते टोचतात. वरच्या मजल्यावर गारठा असतो म्हणतात."