कधीपासून?

बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब फुगला, डॉक्टरांनी तो पट्टीवर टिपला – इतकासा थेंब, पण आपल्याविरुद्धची फिर्यादच लिहून घेतली जातेय अशा नजरेने अबू रकान त्याच्याकडे बघत होता. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोला, सुहैलाला – मुलगा रकान, म्हणून तो अबू रकान आणि ती उम्म रकान – बरं वाटलं. बघू दे. तिच्याकडे सगळे आरोपीकडे बघावं तसे बघत होते...

इर्बिद शहरातल्या सासरच्या घरात, जावा-नणंदांच्या देखत तो म्हणाला होता, "ही बाई म्हणजे दगड आहे." मग सासूने शेखकडून मंतरलेलं पाणी आणलं – तिच्यासाठी, मध, मेथ्या, अत्तर, सगळं तिच्यासाठी – आणि ती मुकाट पीत राहिली, खोलीतलं खोलीबाहेर बोलायचं नसतं म्हणून... मग सवत आली. हनादी. रकानपेक्षा थोडीच मोठी. उन्हाळा सरायच्या आत बापाकडे परत गेली, तीही मुकाट.

"साखर फार वाढलीय," डॉक्टर म्हणाले. "अंथरुणातला त्रास त्यामुळेच. कधीपासून आहे?"

"या उन्हाळ्यापासून. त्या पोरीने करणी केली, डॉक्टरसाहेब. विचारा हिला."

विचारा हिला... या दोन शब्दांसाठीच तर ती इतकी वर्षं थांबली होती. कणीक मळताना, इस्त्री करताना मनातल्या मनात उत्तराला धार लावत.

"आमचा रकान पहिलीत गेला तेव्हापासून," ती म्हणाली. "आता तो विद्यापीठात आहे."

नवऱ्याचे कान लाल झाले. तिने ते सावकाश, पोटभर पाहिलं.

डॉक्टरांचं पेन थांबलं. "इतक्या वर्षांचा त्रास म्हणजे रक्तवाहिन्याच खराब झाल्या असतील. मग हृदय आजच तपासू. बरं झालं बोललात, उम्म रकान. नुसती गोळी देऊन पाठवलं असतं, तर जिवावर बेतू शकलं असतं."

बरं झालं? म्हणजे तिने वार केला, आणि तो त्याच्याच कामी आला?

बाहेर बाकावर नंबर यायची वाट बघताना तो खाली बघत म्हणाला, "आईला सांगू नकोस."

"सांगणार. हनादीच्या बापालाही सांगणार."

तो नुसता छातीवर हात ठेवून बसला. दुखतंय की घाबरलाय?... याने जगायला हवं – सगळं ऐकून घेण्यापुरतं तरी, आईसमोर मान खाली घालण्यापुरतं तरी... की त्यापुढेही? तिने स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं, आणि दर वेळी उत्तर ऐकायच्या आधीच तिने मन दुसरीकडे वळवलं.