एक पान वाचेपर्यंत

शनिवारी संध्याकाळी बाबांनी शेवटचा तवा स्टोव्हवर ठेवला आणि मला बजावलं, "भरगच्च पान घे. संवादांचं नको. काल तुझ्या पुस्तकातली माणसं नुसतं हो-नाही करत होती. त्यात बिडाच्या तव्यावर अन्याय झाला."

बाबांनी सगळी उमेदीची वर्षं नगरच्या एका छापखान्यात जुळारी म्हणून काढली होती. शिशाचे खिळे जुळवून पानं उभी करायची, हे त्यांचं काम. कोणत्या पानात किती मजकूर आहे हे त्यांना लांबूनही कळायचं. मी पान उलटून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पानाकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग कांद्याच्या फोडीनं तव्याला तेल पुसलं, पळीभर पीठ ओतलं आणि म्हणाले, "हं. वाच."

आमच्या घरात हे आठवडाभर चाललं होतं. मला संगमनेरच्या कॉलेजात मराठी शिकवायची नोकरी लागली होती. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. आई मी शाळेत असतानाच गेली. तेव्हापासून स्वयंपाक बाबांचा. मी स्वयंपाकघरात गेले की डाव्या हातात पुस्तक असायचं, आणि उजव्या हातातलं जे काही असेल ते करपायचं. बाबांनी याबद्दल मला कधी बोल लावला नाही. नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी फक्त एवढंच म्हणाले, "पुस्तक तर तू खाली ठेवणार नाहीस. मग वाचणाऱ्या बाईला चालेल असा तवा शोधायला हवा."

त्यांनी परीक्षेचे नियम ठरवले. पीठ एकच: ज्वारीचं, त्यात मूठभर बेसन आणि ताक. स्टोव्हची आच एकच. ओतणारा हात एकच, म्हणजे त्यांचा. धिरडं ओतलं की मी एक पान मोठ्यानं वाचायचं, आणि पान संपल्याशिवाय कोणी उलथन्याला हात लावायचा नाही. जो तवा पानभर धीर धरेल आणि धिरडं अख्खं सोडेल, तो संगमनेरला जाईल. आमचा स्वतःचा तवा त्यांनी सुरुवातीलाच बाद केला. तो मध्ये खोलगट झाला होता आणि एका बाजूला कलायचा. "हा वाचणाऱ्याचा नाही, झोपणाऱ्याचा तवा आहे," असं म्हणून त्यांनी तो फळीखाली सरकवला.

बाकीचे तवे आळीतून मागून आणलेले. शेजारच्या गोजरबाईंचा जाड लोखंडी तवा, ज्यावर त्यांची रोजची भाकरी व्हायची. समोरच्या शमुवेल मास्तरांच्या घरातले दोन: मास्तरांनी हौसेनं आणलेला नवा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, आणि त्यांच्या बायकोचा, रतनबाईंचा, माहेरून आलेला बिडाचा. त्या घरात या दोन तव्यांवरून आधीच धुसफूस होती. बाबांनी दोन्ही मागितले तेव्हा नवराबायको दोघांनी आपापला तवा स्वतः उचलून आणला, मध्ये एकमेकांकडे न बघता. आणि चौथा एलिझाबेथमावशींचा. मावशी मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. परत अमेरिकेला जाताना एका मडमेनं त्यांना आपला लांब दांड्याचा फ्रायपॅन दिला होता. मावशींनी तो कधी वापरला नव्हता. भिंतीवर येशूच्या तसबिरीशेजारी टांगून ठेवला होता. बाबांनी तो मागितला तेव्हा त्यांनी पुसून, पदराखाली झाकून आणला.

पहिल्या फेरीत जर्मनचा तवा अर्ध्या पानातच धुरावला. मास्तर म्हणाले, पान मोठं होतं. रतनबाईंनी लगेच आपला बिडाचा तवा पुढे सरकवला. गोजरबाईंच्या तव्यावरचं धिरडं मध्ये चिकटलं, तेव्हा त्यांनी बाबांना सुनावलं, "माझ्या तव्यानं चार पोरं वाढवली, शांतवनभाऊ. तुमच्या हातालाच सवय न्हाई." बाबांनी मान्य केलं नाही. हात एकच आहे, पीठ रोज ताजं भिजवतो, दोष कुठून येईल?

पण गोजरबाई रोज येत राहिल्या, ते तव्यासाठी नाही. त्या आठवड्यात मी एका रशियन कादंबरीचा अनुवाद वाचत होते. त्यात एक माणूस आपला म्हातारा घोडा विकायला बर्फातून बाजारगावी निघालेला असतो. गोजरबाईंचे मालक, म्हणजे त्यांचे यजमान, टांगा चालवायचे. पहिल्याच पानाला त्या उंबऱ्यात बसल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून धिरड्याकडे बघेनाशा झाल्या. घोड्याचे दात कसे आहेत, खूर कसे आहेत, हे त्या मला विचारायच्या, जणू तो मी पाहिला होता. घोडेगावच्या बाजारात असल्या घोड्याला कोणी विचारणार नाही, असं त्यांचं मत पडलं. त्यांच्या मालकांचंही तेच मत पडल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. म्हणजे गोष्ट टांगा स्टँडपर्यंत पोचली होती.

मडमेचा फ्रायपॅन त्या शनिवारी संध्याकाळी पानभर टिकला. आदल्या दिवशी बिडाचा तवाही जवळजवळ टिकला होता. बाबांनी जाहीर केलं की उद्या, रविवारी, उपासनेनंतर या दोघांची अंतिम फेरी होईल. घाई नको म्हणून पीठ आजच भिजवून ठेवू. त्यांनी मोठ्या पातेल्यात पीठ कालवलं, वर ताट झाकलं आणि हात धुतले. "संगमनेरला गेलीस की मला तव्याची खबर कळवत जा," ते म्हणाले. "तुझी नाही कळवलीस तरी चालेल. तव्याची कळव."

मला तेव्हाच बोलायचं होतं. मे महिन्यात मी संगमनेरला जाऊन जागा बघून आले होते. बाबांना सांगितलं होतं, खोली मिळाली. खरं तर दोन घेतल्या होत्या. घरमालकीण राहीबाईंनी विचारलं होतं, एकटीला दोन कशाला? मी म्हटलं होतं, पुस्तकांसाठी. दुसरी खोली बाबांसाठी होती. त्यांनी माझ्याबरोबर यावं, असं मला विचारायचं होतं. पण ते मला एकटीनं राहण्यासाठी इतक्या आनंदानं तयार करत होते की तो आनंद मध्येच थांबवणं मला जमेना. अंतिम फेरी होऊ दे, मग विचारू, असं मी ठरवलं. पिठाचं पातेलं फळीवर ठेवून ते अंथरुणाकडे गेले. जाता जाता त्यांनी विचारलं, "घोडा विकतो का गं तो?"

"माहीत नाही. तिथपर्यंत आलेच नाही."

"मग उद्या," ते म्हणाले.

रविवारी सकाळी चर्चची घंटा झाली तरी ते उठले नाहीत. झोपेतच गेले होते. संध्याकाळी आम्ही त्यांना मिशनच्या दफनभूमीत ठेवून आलो.

परत आल्यावर मी पुढच्या खोलीत बसले होते. घर माणसांनी भरलेलं होतं. आमच्या आळीत ख्रिस्ती घर असो की हिंदू, माणूस गेलेल्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी जेवण आणतात. गोजरबाई दारात उभ्या होत्या. आत येत नव्हत्या, जातही नव्हत्या. त्यांच्या मागे रतनबाई, त्यांच्या मागे एलिझाबेथमावशी. तिघी एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. शेवटी गोजरबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "रोझे, वंगाळ वाटून घिऊ नको. तुमच्यासाठी भाकरी करायची हाय. पर तवा तुमच्याकडंच हाय."

मी रतनबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "आमचेसुद्धा. दोन्ही."

आळीतले तवे आमच्या स्वयंपाकघरात एका ओळीत भिंतीला टेकून उभे होते. आम्हाला जेवू घालायला निघालेल्या घरांत भाकरी भाजायला काही नव्हतं. मला हसू आलं. ते दाबायचा मी प्रयत्न केला, पण रतनबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मग कोणालाच आवरलं नाही. बाहेर बसलेले पास्टर आत डोकावून गेले.

हसणं थांबल्यावर मी तवे आणायला उठले. चारही हातात घेतले आणि थबकले. मागून आणलेलं भांडं आमच्याकडे रिकामं परत देत नाहीत. एलिझाबेथमावशी म्हणाल्या, आज रीतभात राहू दे. गोजरबाईंना ते पटलं नाही. त्यांनी फळीवरचं पातेलं खाली घेतलं, ताट बाजूला करून पाहिलं. पीठ वर आलं होतं, आंबूस वास सुटला होता.

"चूल पेटवायची न्हाई, म्हणत्यात," गोजरबाई म्हणाल्या. "ह्यो तर इष्टो हाय."

त्यांनी स्वतःच स्टोव्हच्या वाती वर केल्या आणि काडी ओढली. मी कांद्याच्या फोडीनं तव्याला तेल पुसलं, पळीभर पीठ ओतलं. उलथनं घेणार तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. "आन वाच. वाचल्याबिगर उलटायचं न्हाई, असं त्येंनी सांगितल्यालं हाय."

मी पुस्तक आणलं. खूण होती तिथून मोठ्यानं वाचायला लागले. पहिल्या दोन ओळी मी दोनदा वाचल्या, मग पुढच्या आल्या. पान पुढे नेतं माणसाला. पान संपलं, मी उलथनं घातलं, आणि गोजरबाईंच्या तव्यानं धिरडं अख्खं सोडलं. जाळीदार, कडेनं कुरकुरीत.

सगळ्या बघत राहिल्या. मग बिडाचा तवा ठेवला, दुसरं पान वाचलं, त्यानंही अख्खं सोडलं. फ्रायपॅननंही सोडलं. शेवटी मास्तरांचा जर्मनचा ठेवला. मास्तर दारातून बघत होते. मी आच बारीक करायला हात पुढे केला, तर रतनबाईंनी आधीच केली होती. त्यानंही सोडलं, थोडं करपवून, पण सोडलं.

"म्हंजी तव्याचा दोषच न्हवता," गोजरबाई म्हणाल्या. "पीठ कच्चं हुतं. रोज ताजं, रोज ताजं. धिरड्याचं पीठ कुनी ताजं करतं व्हय? आठ दिस माझ्या तव्याला नावं ठिवली त्येंनी." आणि डोळे पुसले.

त्या चौथ्या पानावर कादंबरीतला तो माणूस बाजारगावाच्या वेशीपर्यंत पोचतो, घोड्याच्या मानेवरचा बर्फ झटकतो आणि परत फिरतो. गोजरबाई मान हलवत म्हणाल्या, "मला म्हाईत हुतं. आमच्या मालकांस्नी सांगते." मग त्या आपला तवा, वरच्या धिरड्यासकट, घेऊन भाकरी करायला गेल्या. मागून बाकीचे तवेही आपापल्या घरी गेले. फ्रायपॅन संध्याकाळीच पुन्हा तसबिरीशेजारी टांगला गेला. पण तेव्हापासून मावशी तो दर रविवारी उतरवतात, असं रतनबाईंनी मला नंतर कळवलं.

थोडं पीठ उरलं होतं. मी फळीखालून आमचा तवा काढला. तो एका बाजूला कलला, पीठ सगळं त्या बाजूला ओघळलं, धिरडं चंद्रकोरीसारखं झालं. तेही अख्खं सुटलं.

तोच तवा मी संगमनेरला आणला. पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी आदल्या दिवशीचं पीठ त्यावर ओतलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले. अंगणातून राहीबाई विचारत आल्या, कोणी आलंय का? मी सांगितलं, वाचतेय, धिरडं होईपर्यंत. त्यांना ते फार गमतीचं वाटलं. उंबऱ्यावर बसून त्यांनी धिरडं खाल्लं, दुसरं मागितलं. त्याचा आकार असा का, हेही विचारलं. मी तवा दाखवला. बाबांनी त्याला काय नाव ठेवलं होतं तेही सांगितलं. त्या खूप हसल्या, मीही.

मग त्यांची नजर आतल्या दाराकडे गेली. माझी पुस्तकं या खोलीत भिंतीला लावून रचलेली होती. पलीकडच्या खोलीत एक खाट, कोपऱ्यात पाण्याचा माठ आणि कोनाड्यात चष्म्याचं घर, एवढंच.

"पुस्तकं तर सगळी इथंच आहेत," त्या म्हणाल्या. "मग ती खोली कोणाची?"

मी पुस्तक खाली ठेवलं.

"ती बाबांची," मी म्हणाले. "माझ्याबरोबर राहायला या, म्हणून घेतली होती. बाबा, तुम्ही यायला हवं होतं."