बारवेच्या कमानीवरचं नाव

सविताचं जळगावला चष्म्याचं दुकान होतं. समोर आलेली वस्तू जवळ नेऊन, उलटीपालटी करून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. वारसा मंडळाबरोबर ती त्या रविवारी पहिल्यांदाच बाहेर पडली होती. चाळीसगावच्या अलीकडे कपाशीच्या शेतांमध्ये एक बारव होती, पायऱ्या उतरत थेट पाण्यापर्यंत नेणारी तीनशे वर्षं जुनी दगडी विहीर. आत कमानीवर काही अक्षरं कोरलेली आहेत, पण आजवर ती कुणाला लागली नाहीत, एवढंच तिने ऐकलं होतं.

मंडळाचे प्रमुख प्रेमराज आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बोलणं कमी, शिट्टी जास्त. त्यांनी आठव्या पायरीवर आडवा दोर बांधला आणि सांगितलं, "एका वेळी दोघंच उतरतील. दोराच्या पलीकडे कुणी जाणार नाही."

सविताने विचारलं, "अक्षरांवर थोडं पीठ चोळलं तर? लगेच उठून दिसतील."

"दगड आपला नाही, सविताताई. पीठ नाही, खडू नाही, पाणीसुद्धा नाही."

तिची पाळी आली तेव्हा सोबतची दीपमाला दुर्बीण डोळ्याला लावून कमान न्याहाळत होती. दीपमाला पोस्टात नोकरीला; जुने लेख वाचायचा तिला नाद. "पुसट आहे गं सगळं," ती पुटपुटली. सविताला राहवलं नाही. कमान इतकी जवळ! दीपमालाचं लक्ष नाही असं पाहून ती दोराखालून वाकून पलीकडे गेली. एक पायरी, दुसरी, तिसरी.

"ओ बाई, थांब! ती पायरी पोकय शे!"

वरून आवाज आला. बारवेशेजारी राहणाऱ्या वच्छलाबाई काठावरून हात हलवत होत्या. सविता थबकली, आणि तेवढ्यात पायाखालचा पोकळ दगड हलला. तिने मागच्या पायरीवर बसकण मारली. दगडाचा टवका सुटला आणि खाली पाण्यात डुबकन आवाज झाला. वरून आबांची शिट्टी वाजली.

"कोण गेलं होतं पलीकडे?"

सविता हळूहळू वर आली. "मी गेले होते, आबा."

ते रागावतील असं तिला वाटलं. त्यांनी आधी विचारलं, "पाय मुरगळला का?" आणि मग म्हणाले, "आज तुम्ही परत उतरायचं नाही. इथेच बसा."

ती काठावरच्या लिंबाखाली वच्छलाबाईंशेजारी बसली. तीनशे वर्षं टिकलेल्या पायरीचा तुकडा आपल्या पायाने पडला, हे काही केल्या मनातून जाईना. वच्छलाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी पिताना तिची नजर मात्र कमानीकडेच होती. ऊन समोरून, सरळ पडत होतं. दुकानात काचेवरचा ओरखडा समोरून कधीच दिसत नाही. काच तिरपी धरली की लगेच दिसतो.

"वच्छलाबाई, घरात मोठा आरसा आहे का?"

"शे ना. लई येस."

वच्छलाबाईंनी आरसा आणला. त्याने कमानीवर तिरपं ऊन टाकायचं, हे ऐकून आबांनी आधी जागा पाहिली. काठापासून चार हात मागे, सपाट चौथऱ्यावर सविताला उभं केलं. तिने आरसा फिरवला. उन्हाचा चौकोन भिंतीवरून घसरत कमानीवर गेला आणि बाजूने दगडाला लागला. खालून दीपमाला ओरडली, "थांब, तसाच धर! दिसतंय!"

एकेका अक्षराला सावली आली होती. मधली ओळ झिजलेलीच राहिली. बाकीचं दीपमालाने अडखळत वाचलं: "गोदू माळीण... पाणी... सर्वांस."

वच्छलाबाईंनी विचारलं, "काय लिखेल शे?"

सविताने सांगितलं.

"बठ्ठा म्हनतस, राजानी बांधी! माळीन? बाईमानूस?" त्यांनी कमानीकडे बोट केलं. "आनि पानी बठ्ठासले?"

"हो, सर्वांना."

"ती कोनता गावनी व्हती?"

एका माळणीने एवढा दगड आणला कुठून, पैसा कुणाचा, मधल्या ओळीत काय असेल? जो तो आपापला तर्क सांगू लागला. वच्छलाबाई म्हणाल्या, ओढ्यापलीकडे माळ्यांची जुनी वस्ती आहे, तिथे म्हाताऱ्या बायका आहेत, त्यांना काही माहीत असेल.

सविता आरसा पदराने पुसत निघालीच. "आबा, जाऊया?"

"आधी या सुटलेल्या पायरीचं ग्रामपंचायतीला कळवू. वस्तीवर निरोप पाठवू. त्यांनी 'या' म्हटलं, की जाऊ."

"मग पंचायतीचं पत्र मी लिहिते," सविता म्हणाली. "पायरी माझ्यामुळे सुटली, हेही त्यात लिहिते."

आबांनी खिशातलं पेन तिच्यापुढे धरलं.