डोलकाठीचं टोक

काडीला पाण्यातून वर ओढताना बाईंच्या हाताला काहीतरी वेगळं लागलं. हे पोर उचलायची त्यांच्या हाताला सवय झाली होती. जॅकेटचा खांद्यावरचा पट्टा धरायचा, एक हिसका द्यायचा, की ओल्या टॉवेलसारखी ती मोटरबोटीत येऊन पडायची. आज हिसका दिला तर अर्ध्यातच अडकली. दुसरा हात लावावा लागला.

"काय गं, दगड खाऊन आलीस काय?"

एरवी काडीने यावर काहीतरी फाडकन परत केलं असतं. आज तिने दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले आणि मान खाली घातली. बाईंनी तिचे हात बाजूला केले, जॅकेटची चेन खाली ओढली. आतल्या अंगाला दोन खिसे शिवलेले होते, बारीक टाक्यांचे, नीटस. आणि त्यांत तलावाकाठचे गोल गोटे.

उलटलेल्या होडीला धरून पाण्यात लोंबकळणारा तिचा जोडीदार चष्मा म्हणाला, "मला काही माहीत नव्हतं." कोणी विचारलं नव्हतं, म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. चष्म्याच्या दोन्ही काड्यांना दोरी बांधून ती डोक्यामागे गाठ मारलेली असायची, म्हणून हे नाव. काडीला काडी का म्हणत हे सांगायची गरज नाही.

माणसाला तरंगत ठेवायला घातलेल्या जॅकेटात गोटे. बाईंना ओरडायचं होतं. त्यांनी एकेक गोटा काढून बोटीच्या तळाशी ठेवला.

"होडी सरळ करायला वजन कमी पडतं ना, बाई," काडी म्हणाली. दात वाजत होते. "पण पहिल्या दिवशी जमलं होतं. तेव्हा तर मी आत्तापेक्षा बारीक होते. मग आता का नाही जमत? म्हणजे मीच अंग चोरते."

बाईंनी मोटर सुरू केली, नेहमीसारखी वळसा घालून पलीकडे नेली आणि पाण्यावर आडवं पडलेलं डोलकाठीचं टोक उचलायला वाकल्या.

*

बाई म्हणजे मुलींच्या शाळेतल्या खेळाच्या बाई. आयुष्य शिट्टी वाजवण्यात गेलं. चाळिशी उलटल्यावर कोणाच्या तरी मागे बसून पहिल्यांदा शिडाच्या होडीत गेल्या आणि तिथेच अडकल्या. वारा कसा वाचायचा हे त्यांना कोणी शिकवलं नाही. पडत, भिजत, लोकांचं हसणं ऐकत शिकल्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर तलावावरच्या क्लबाने मुलांचा विभाग त्यांच्या गळ्यात घातला, आणि खरं सांगायचं तर गळा त्यांनीच पुढे केला होता.

मुलांसाठी कॅटामरान घ्यायची, हे ठरलं तेव्हा क्लबात उत्साहाला नुसतं उधाण आलं होतं. कॅटामरान म्हणजे दोन लांबट होडकी शेजारी शेजारी, मधे ताणलेली जाळी, त्यावर मुलं. कुठली घ्यायची त्यावर मात्र दोन तट पडले. एक होती आखूड, जाडजूड, बुटक्या डोलकाठीची. मुलांनी बघताक्षणी तिला टोपलं म्हटलं. दुसरी पांढरीशुभ्र, सडपातळ, उंच. उभी असली तरी पळतेय असं वाटायचं.

क्लबाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. दवाखाना मुलाकडे सोपवला, तरी समोरच्याच्या डोळ्यांत न बघता दातांकडे बघून बोलायची सवय गेली नव्हती. ते म्हणाले, लहानांना टोपलंच बरं. बाई उठल्या. सभेत त्या बोलल्या ते लोक अजून काढतात. टोपल्यात पोरं सहा महिने रमतील आणि मग फुटबॉलला जातील, म्हणाल्या. मुलांना आज जेवढी आहेत तेवढ्या मापाची होडी द्यायची नसते, उद्या जेवढी होणार आहेत तेवढ्या मापाची द्यायची. टाळ्या पडल्या. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शिट्टी वाजवून लोकांना थांबवणाऱ्या बाईला टाळ्या मिळतात कुठे?

डॉक्टरांनी एकच अट घातली. क्लबातली सगळ्यात हलकी दोन पोरं घ्यायची, पांढरी उलटवायची, आणि त्यांनीच ती परत सरळ करायची. उलटलेली होडी ज्याला सरळ करता येत नाही, त्याने तिच्यात बसूच नये, म्हणाले. यात कोणाला काय बोलता येणार?

चाचणीच्या दिवशी सगळा क्लब धक्क्यावर जमला. काडी आणि चष्म्याने पांढरी उलटवली. ती आडवी पडली, एक होडकं पाण्यात, एक वर हवेत, आणि मधली जाळी भिंतीसारखी उभी. पोरं खालच्या होडक्यावर चढली, वरून टाकलेली दोरी धरून मागे झुकली. एकदा. दोनदा. होडी जराशी कलायची आणि परत बसायची. भिंतीच्या पलीकडे, पाण्यावर पडलेल्या डोलकाठीच्या टोकापाशी बाई मोटरबोट घेऊन उभ्या होत्या. काठी बुडू लागली तर होडी पार पालथी होते, म्हणून कोणीतरी तिथे असावंच लागतं. पलीकडून काडीचा आवाज आला, रडवेला. "अजून एकदा. चष्म्या, अजून एकदा."

तेव्हा बाईंचा हात पाण्यात गेला. झोपलेल्या लेकराच्या डोक्याखाली उशी सरकवायला डोकं उचलावं, तेवढंच त्यांनी टोक उचललं, असं पुढे कितीतरी दिवस त्या स्वतःला सांगत राहिल्या. धक्क्यावरून बोटीच्या कडेआड हात दिसत नव्हता. जाळीआडून पोरांना काहीच दिसत नव्हतं. शिडाखाली वारा शिरला, होडी झपकन उभी राहिली आणि काडीने असा काही आनंदाचा चीत्कार केला, की धक्क्यावरचे म्हातारेसुद्धा लहान झाले.

पांढऱ्याच आल्या. एक नाही, एका ओळीत सहा.

त्यानंतर बाई तो हात कधी मागे घेऊ शकल्या नाहीत. थोराड पोरं आपापली होडी सरळ करायची. लहान मात्र उलटली की गप्प तरंगत राहायची आणि मोटरबोटीची वाट बघायची. एकदा जमलंय, आता आळस करतात, असं धक्क्यावरचे म्हणायचे. पोरं बाईंना क्रेन म्हणू लागली. बाई हसायच्या. शर्यतीत बाहेरचा हात लागला की नाव बाद, त्यामुळे काडी आणि चष्मा प्रत्येक वेळी बाद. चष्मा म्हणायचा, आम्ही पडलो नव्हतो, तळ जागेवर आहे का बघायला गेलो होतो. काडी हसायची नाही.

*

गोटे सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी बाई काडीच्या आईकडे गेल्या. ती एका धोबीखान्यात इस्त्री करायची. भिंतीला लागून लांब टेबल, दोरीवर टांगलेले दुसऱ्यांचे शर्ट, आणि वाफेत उभी ही ठेंगणी, हसरी आई. जॅकेट पिशवीत घालून बाई सोबत घेऊन गेल्या होत्या. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा घोकलं होतं.

पण आईने तोंड उघडूच दिलं नाही. स्टूल पुसून दिलं, पंखा बाईंकडे वळवला आणि म्हणाली, तुमचे उपकार कसे फेडू? जन्मापासून ही पोरगी जेवणाला बघून तोंड फिरवायची, आता स्वतः मागून जेवते. पोट दुखेपर्यंत जेवते. परवा तर ओकली, आणि पुन्हा ताटावर बसली.

"म्हणते, आई, मला वजनदार व्हायचंय," ती हसत म्हणाली. "म्हटलं, तुझ्या बाईंसारखी शिक, मग आपोआप वजन येईल."

बाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"ते खिसे बरे बसलेत ना हो?" आईने विचारलं. "जॅकेटला आतून शिवून मागितले. नाक पुसायला रुमाल ठेवते म्हणाली. दोन वेळा उसवून परत शिवले, पाण्यात टिकायला हवेत म्हणून."

"छान बसलेत," बाई म्हणाल्या.

खिसे घरी येऊन त्यांनी स्वतःच उसवले. टाके इतके पक्के होते की कात्रीचं टोक बोटात घुसलं. नवरा समोर बसून कोणाचं तरी घड्याळ उघडत होता, तोच त्याचा धंदा. डोळ्याला लावलेलं भिंग न काढता त्याने विचारलं, काय झालं. बाईंनी सांगितलं. चाचणीच्या दिवसापासून सगळं. ऐकून त्याने घड्याळ खाली ठेवलं.

"मग आता पोरीला सांग की."

"अहो, कशी सांगू? तो एकच दिवस तिचा आहे. तोही मीच काढून घेऊ?"

"तो दिवस तिचा नाहीच ना गं," तो म्हणाला. "म्हणून तर ती गोटे भरतेय."

बाईंनी उसवलेला दोरा टाकला, बोटाचं रक्त चोखलं आणि दिवा बंद न करताच आत निघून गेल्या.

*

त्याच आठवड्यात डॉक्टरांचा निरोप आला. पलीकडच्या गावचा क्लब मुलांसाठी कॅटामरान घेणार आहे, त्यांची माणसं रविवारी बघायला येतायत. तुमची ती चाचणी त्यांना करून दाखवा. तीच दोन पोरं, तशीच. बाईंनी म्हणून पाहिलं, की मोठी पोरं घेऊ. डॉक्टर त्यांच्या दातांकडे बघत म्हणाले, मोठ्यांचं कौतुक काय? लहानांना जमतं, म्हणून तर त्यांचंही ठरतंय.

रविवारी धक्क्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. पाहुण्यांबरोबर त्यांची मुलंही होती, काडीच्याच चणीची. काडी जॅकेट चढवत होती. आतली बाजू रिकामी होती, तिने हात फिरवून पाहिलं. मग बाईंजवळ आली.

"बाई, तुम्ही त्या दिवशीसारख्याच तिकडे थांबा हां. तुम्ही तिकडे असलात की जमतं."

आत्ता सांगावं. आत्ताच, इथेच, कानात. बाईंनी तिचा पट्टा आवळला, बक्कल लावलं, नीट लागलंय का ते ओढून पाहिलं. डॉक्टरांनी कर्ण्यातून हाक मारली आणि काडी पळाली.

होडी उलटली. काठी पाण्यावर आडवी झाली. जाळीची भिंत उभी राहिली. पोरं खालच्या होडक्यावर चढून दोरी धरून मागे झुकली, आणि बाईंनी मोटर पलीकडे नेली. टोक समोर होतं. त्याच्यावर बांधलेला तरंगता गोळा पाण्यात हलत होता, सवयीच्या जनावरासारखा. धक्क्याच्या बाजूला बोटीची कड आडवी होती. कोणालाही काही दिसलं नसतं. वाराही मंद होता, काठी आता बुडणार नव्हती, आणि तसं पाहिलं तर तिथे थांबायला काही कारण उरलं नव्हतं.

बाईंनी मोटर वळवली. भिंतीला वळसा घालून त्या पोरांच्या बाजूला आल्या, सगळ्या धक्क्याला दिसतील अशा, आणि मोटर बंद केली. मग दोन्ही हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवले. शाळेत त्या पोरींना शिक्षा म्हणून उभं करायच्या, अगदी तसे.

धक्क्यावर कोणीतरी हसलं. त्यांना वाटलं, यात काही गंमत आहे.

काडी मागे झुकली होती, अंगाची कमान करून, मानेच्या शिरा ताणून. होडी जराशी कलली आणि परत बसली. पुन्हा. पुन्हा. मग तिला बाई दिसल्या.

"बाई, तुम्ही इकडे काय करताय? तिकडे जा ना."

बाई हलल्या नाहीत.

"त्या दिवशी तुम्ही तिकडे होतात," काडी म्हणाली. आवाज एकदम हळू झाला. दोरी हातातच होती. ती बाईंच्या डोक्यावरच्या हातांकडे बघत राहिली. "तिकडे काय करत होतात?"

"टोक उचलत होते."

 

काडीने दोरी सोडली. ती पाण्यात उतरली, पडली नाही, उतरली, आणि बोटीपासून जरा लांब तरंगत राहिली. कर्ण्यातून डॉक्टरांचा आवाज आला, काय झालं म्हणून. बाई उभ्या राहून ओरडल्या, "यांना जमणार नाही, डॉक्टर. तेव्हाही जमलं नव्हतं. मी हात लावला होता. लहानांना टोपलं घ्यायचं."

धक्क्यावर खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले. डॉक्टरांनी कर्णा खाली केला होता. एवढ्या अंतरावरूनही बाईंना कळलं, की आज ते दातांकडे बघत नव्हते.

मग बाईंनी मोटर पलीकडे नेली, टोक दोन्ही हातांनी खांद्याच्या वर उचललं, सगळ्यांना दिसेल असं, आणि होडी उभी राहिली. शिडातून पाणी निथळलं. चष्मा चढला. काडी अजून पाण्यातच होती. ओठ निळे पडले होते. हे पोर आता स्वतःहून चढणार नाही, हे बाईंना सवयीने माहीत होतं. त्या जवळ गेल्या, वाकल्या आणि हात पुढे केला.

काडीने हाताकडे पाहिलं. मग पोहत होडीला वळसा घातला, पलीकडच्या होडक्याला लटकली, घसरली, पुन्हा लटकली. चष्मा मदतीला सरकला तशी म्हणाली, "तू थांब." गुडघा वर आला, मग दुसरा. जाळीवर चढून ती बसली, केस मागे सारले, शिडाची दोरी ओढून घेतली आणि वारा शोधायला मान वर केली.

पांढरी हळूहळू काठाकडे निघाली. बाई मोटर बंदच ठेवून बसून राहिल्या. बोटीच्या तळाशी ते गोटे अजून तसेच पडले होते, आणि बोट डुलली की एकमेकांवर आपटत होते.