शेवटच्या दारातला खराटा

मित्रांनो, मी एक जुना खराटा आहे. हसू नका! काड्या झिजल्या असल्या तरी माझं डोकं शाबूत होतं. या गल्लीतल्या लोकांनी ते पार उठवलं आहे.

आमची गल्ली स्टेशनाकडे जाते. दोन्ही बाजूंना मोठी झाडं आहेत. शेवटच्या घरातल्या मावशींच्या यजमानांनी त्यातल्याच एका झाडाची वाळलेली फांदी तासून मला दांडा बसवला. तेव्हा इथे चारच घरं होती. रविवारी सगळे मिळून पानं झाडायचे आणि खड्ड्यात टाकून खत करायचे. माझं काय कौतुक व्हायचं तेव्हा!

मग शहरात नोकरी करणारी मंडळी आली. "काय सावली आहे हो!" म्हणत त्यांनी घरं घेतली. आता अकरा घरं आहेत. रोज सकाळी गाडीला जाण्याआधी पहिल्या घरातला माणूस आपली पानं दुसऱ्याच्या दारात लोटतो, दुसरा तिसऱ्याच्या. आपलं दार स्वच्छ झालं म्हणून सगळे ऐटीत गाडी पकडतात. आणि अकराव्या दारात ढीग उपसायला कोण? मावशी आणि मी!

गेल्या महिन्यात मावशींचा गुडघा धरला. मी आठ दिवस कोपऱ्यात पडून होतो. ढीग वाढत गेला, बँकेतले साहेब त्यावरून घसरले आणि त्यांची गाडी चुकली. झालं! झाडंच तोडा, असा अर्ज निघाला. दहा घरांच्या सह्या झाल्या, फक्त मावशींची राहिली.

"अहो, माझ्या दारात एक पान नसतं," साहेब त्यांना म्हणाले. "म्हणजे दोष झाडांचाच ना?"

ऐकलंत? कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. पण मला कपाळ कुठलं आणि हात कुठला!

मावशी म्हणाल्या, "सही करते की. पण उद्या एक दिवस ज्याची पानं त्याच्याच दारात राहू द्या. मग बघू."

दुसऱ्या सकाळी साहेबांनी आपली पानं गोळा केली. जेमतेम एक टोपली भरली.

"एवढीच?" ते म्हणाले. शेजारी डोकावले, तर तिथेही एकच टोपली. मग त्यांनी अर्जाची घडी घालून ती खिशात ठेवली. फाडला मात्र नाही हं!

आता प्रत्येक जण आपली टोपली खड्ड्यापर्यंत नेतो. तरी सवयीने एखाद्याचा खराटा शेजारच्या दाराकडे वळतोच, आणि माझा जीव वरखाली होतो. मित्रांनो, आपली टोपली आपणच उचला. मावशींच्या गुडघ्याला अकरा टोपल्या आता झेपायच्या नाहीत, आणि तो अर्ज अजून साहेबांच्या खिशात आहे.